धावपट्टी संपल्यावर

१३ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेतील बरबँक विमानतळावर एक छोटे खासगी जेट विमान उतरले. गल्फस्ट्रीम बनावटीच्या त्या विमानात सात माणसे होती आणि त्यांत न्यूयॉर्क यांकीज संघाचा विख्यात बेसबॉलपटू अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज होता. विमान धावपट्टीवर थांबले नाही. ती संपली तरी ते पुढे गेले, चाके जमिनीत रुतली आणि मगच ते थांबले. कुणाला खरचटलेही नाही. दोनच दिवसांपूर्वी त्याच संघाचा गोलंदाज कोरी लायडल याचे छोटे विमान न्यूयॉर्कमधील एका इमारतीवर आदळून त्याचा मृत्यू झाला होता, म्हणून या घटनेची चार ओळींची बातमी तरी झाली. एरवी तीही झाली नसती. न झालेल्या अपघाताचा इतिहास कोणी लिहीत नाही.

मला मात्र ही घटना विमानवाहतुकीच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान वाटते. विमान-अपघातांचे चौकशी-अहवाल वाचण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. ते वाचताना एक प्रश्न सतत समोर येतो. धावपट्टी जिथे संपते, त्यापुढची जमीन कोणाच्या जबाबदारीची?

बरबँकच्या त्याच धावपट्टीवर साडेसहा वर्षांपूर्वी, ५ मार्च २००० रोजी, साउथवेस्ट कंपनीचे बोइंग ७३७ उतरले होते. ते लास व्हेगासहून आले होते आणि त्यात १४२ माणसे होती. धावपट्टीची लांबी सुमारे अठराशे मीटर. विमान उंचावरून, तीव्र उताराने आणि फार वेगात आले. चाके टेकली तेव्हा वेग होता १८२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३३७ किलोमीटर. आणि ती टेकली धावपट्टीचा उंबरठा ओलांडून साडेसहाशे मीटर पुढे गेल्यावर. विमान कुंपण तोडून, भिंत फोडून थेट शहरातल्या रस्त्यावर गेले आणि पेट्रोल पंपाच्या जवळ थांबले. एकही मृत्यू झाला नाही, याला नशिबाखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

चौकशीत ठपका वैमानिकांवर आला आणि तो योग्यच होता. त्यांनी उतरण्याचा बेत सोडून पुन्हा वर झेपावायला हवे होते. पण विमानतळाने आणखी एक गोष्ट केली. २००२ साली धावपट्टीच्या त्या टोकाला विशिष्ट प्रकारच्या ठिसूळ काँक्रीटचा गादीसारखा थर बसवला. रॉड्रिग्जचे विमान रुतले ते त्याच थरात.

या थराचे तत्त्व साधे आहे. काँक्रीटमध्ये हवेचे असंख्य बुडबुडे असतात, त्यामुळे विमानाच्या चाकाखाली ते चुरडते. चाक जसजसे खोल जाते, तसतशी विमानाची ऊर्जा काँक्रीट चुरडण्यात खर्च होते. ओल्या वाळूत सायकल घालणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की वाळू पावसात घट्ट होते, थंडीत गोठते, वाऱ्याने उडते, तिचा भरवसा देता येत नाही. काँक्रीट किती दाबाला चुरडेल हे मात्र आधी गणित करून ठरवता येते. साधारण ७० नॉट, म्हणजे ताशी १३० किलोमीटर वेगाने धावपट्टीबाहेर पडलेले विमान थांबवावे, असा या रचनेचा आराखडा असतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘एमास’ म्हणतात.

आता थोडे गणित. विमानाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. त्यात धावपट्टी ओली असली, वारा पाठीमागून असला, चाके उशिरा टेकली, तर एकेक चूक दुसरीत मिळवली जात नाही, गुणली जाते. लांब धावपट्टी अशा चुका पोटात घालते. आखूड धावपट्टी घालत नाही.

एमासचा जन्मही अशाच एका उशिरा टेकलेल्या विमानातून झाला. २८ फेब्रुवारी १९८४ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे डीसी-१० न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरले. धावपट्टी सुमारे २५६० मीटर लांब होती, चाके टेकली १४३० मीटरवर. विमान पुढे जाऊन खाडीच्या पाण्यात शिरले. १७७ जण होते, सगळे वाचले. पुढच्या दशकात अमेरिकेचे विमानवाहतूक प्रशासन, डेटन विद्यापीठ, न्यूयॉर्कचे बंदर प्राधिकरण आणि एक खासगी कंपनी यांनी मिळून वेगवेगळ्या पदार्थांचे प्रयोग केले. १९९६ साली पहिला थर बसला तो केनेडीच्या त्याच धावपट्टीच्या त्याच टोकाला. मे १९९९ मध्ये तीस जणांना घेऊन आलेले एक साब विमान तिथेच धावपट्टीबाहेर गेले आणि थरात अडकून थांबले. पंधरा वर्षांपूर्वी डीसी-१० ज्या पाण्यात शिरले होते, तिथवर ते पोचलेच नाही.

छोट्या खासगी जेट विमानांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. त्यांची ने-आण बहुधा शहरालगतच्या आखूड धावपट्ट्यांवर होते. मालकाला वेळ वाचवायचा असतो. दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल डाउनटाउन हा असाच एक विमानतळ. तिथे २००३ साली धावपट्टीच्या एका टोकाला एमास बसवले गेले आणि जुलै २००६ मध्ये एक फाल्कन ९०० विमान त्यात सुखरूप थांबले. सप्टेंबर २०१८ मध्ये एक फाल्कन ५० त्याच धावपट्टीवर उलट दिशेने उतरले. त्या टोकाला थर नव्हता, उतार होता. विमान खाली जाऊन मोडले, दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले आणि दोन्ही प्रवासी गंभीर जखमी झाले. या विमानाच्या ब्रेकयंत्रणेत आधीपासून दोष होता, हे खरे. पण धावपट्टी एक, विमाने एकाच जातकुळीची आणि दोन टोकांचे निकाल असे वेगळे. माझ्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेले नाही.

मुंबईकरांना आखूड धावपट्टीचा धडा यापूर्वीच मिळाला होता. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला उतरले, त्या जुहूची मुख्य धावपट्टी जेमतेम ११४३ मीटर. सांताक्रूझचा मोठा विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर आणि त्याची धावपट्टी जवळपास त्याच दिशेची. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट चुकून जुहूला उतरले. ते कसेबसे थांबले आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाच्या वैमानिकांचीही अशीच फसगत झाली. लंडनहून टोकियोला निघालेले ते प्रचंड विमान १२२ जणांसह जुहूवर टेकले, धावपट्टी पार करून बाहेर गेले आणि कायमचे निकामी झाले. जीवितहानी मात्र झाली नाही. पन्नास वर्षांनंतर आज जुहूभोवती घरांची जी दाटी आहे, ती पाहिली की त्या दिवसाचे महत्त्व वेगळ्याने कळते.

मंगळूर आणि कोळिकोड इथे असे झाले नाही. दोन्ही विमानतळ डोंगरमाथा सपाट करून बांधलेले, टोकापुढे दरी. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाची चाके २४५० मीटरच्या धावपट्टीवर सुमारे १५८५ मीटर पुढे टेकली. सहवैमानिकाने पुन्हा वर झेपावण्याचा इशारा दिला होता. कप्तान प्रवासाचा बराच काळ झोपला होता, असे अहवाल सांगतो. पुढे वाळूचा थर होता, तो अपुरा पडला. विमानाचा पंख अवतरण-यंत्रणेच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर आदळला आणि विमान दरीत गेले. १६६ पैकी १५८ जण मरण पावले.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोरोनाकाळात दुबईत अडकलेल्या भारतीयांना घेऊन येणारे विमान भर पावसात कोळिकोडला उतरले. कप्तान होते दीपक साठे. हवाई दलात सेवा केलेले. वारा पाठीमागून होता आणि कप्तानासमोरच्या काचेचा वायपर बंद पडला होता. २७०० मीटरच्या धावपट्टीचा अर्धा भाग संपल्यावर चाके टेकली. धावपट्टी आणि तिच्यापुढची सुरक्षा-जागा ओलांडून विमान खाली कोसळले. साठे आणि त्यांच्या सहवैमानिकासह २१ जण दगावले. चौकशीने कार्यपद्धती न पाळल्याचा ठपका कप्तानावर ठेवला.

हा ठपका चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. अहवालांतले आकडे बोलके आहेत. पण ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द आले की आपल्याकडे चर्चा मिटते. जणू चूक झाली म्हणजे दरी असणे स्वाभाविकच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टीच्या ६० मीटरच्या पट्ट्यापुढे किमान ९० मीटर सुरक्षा-जागा असावी आणि शक्यतो ती २४० मीटर असावी. ‘किमान’ आणि ‘शक्यतो’ यांच्यात दीडशे मीटर जमीन आहे आणि आपला सारा वाद त्या दीडशे मीटरचा आहे. अमेरिकेने २००५ साली कायदाच केला की प्रवासी विमानतळांनी आपली सुरक्षा-क्षेत्रे २०१५ अखेरपर्यंत प्रमाणानुसार करावीत. जिथे हजार फूट जागा मिळणे अशक्य होते, तिथे एमास आले. बरबँकमध्येही पुढे रस्ता आणि वस्ती होती. पूर्ण मापाचा थर बसलाच नाही, बसला तो आखूड. तरी त्याने काम केले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. शेवटी गादी आहे हे ठाऊक असले की वैमानिक बेफिकीर होणार नाहीत का? मला हा आक्षेप पटत नाही. घाटातल्या कठड्यामुळे कोणी मुद्दाम गाडी कठड्यावर घालत नाही. एमासमध्ये रुतलेल्या विमानाच्या वैमानिकाचीही चौकशी होतेच. फरक एवढाच की त्या चौकशीत तो स्वतः उत्तरे द्यायला हजर असतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे: चुरडलेले काँक्रीट पुन्हा बसवावे लागते, आणि फार वेगात आलेल्या विमानाला हा थर पुरा पडेलच असेही नाही. पण दोन्ही आक्षेपांच्या तळाशी एकच समजूत दिसते की शिस्त पुरेशी कडक केली की चूक होणारच नाही. १९५३ ते २०२० या काळातील एकही घटना या समजुतीला दुजोरा देत नाही. दमलेली, घाईतली, अनुभवी आणि नवखी, सगळ्या प्रकारची माणसे धावपट्टीवर उशिरा टेकली आहेत.

रॉड्रिग्जच्या विमानातले सात जण श्रीमंत होते म्हणून वाचले नाहीत. सहा वर्षे आधी एका साध्या प्रवासी विमानाने भिंत फोडली होती आणि कुणीतरी तिच्या अलीकडची जमीन बदलली होती, म्हणून ते वाचले. आपल्या दोन्ही डोंगरमाथ्यांवर १७९ माणसे गेली. त्यांच्या मृत्यूचे कारण शोधताना आपण वैमानिकांच्या शेवटच्या काही मिनिटांचा सेकंदासेकंदाने हिशेब मांडला. धावपट्टीपुढच्या जमिनीचा हिशेबही तितक्याच बारकाईने मांडला पाहिजे.