भोजकटाचा पट आणि हातातली पाटी



इतिहासाचे व्याख्यान म्हणून आपण येथे आलात आणि आम्ही टॅब्लेट, खिशातला संगणक व मोबाईल यांची गोष्ट काढली, तर आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. ही तर कालची पोरे. यांना कसला इतिहास? परंतु जी वस्तू घरोघर पोचते, तिचे कूळ शोधणे हे इतिहासाचेच काम आहे. ते कूळ शोधताना आम्हांस फार लांब जावे लागले नाही. अमरावती जिल्ह्याच्या बाहेर पाऊल न टाकताच त्याचा आरंभ सापडला.

भाद्रपदातल्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी भातकुलीच्या शिवारात जावे. काळी माती वहाणेला धरून बसलेली असते. एका बाजूला पऱ्हाटी, दुसऱ्या बाजूला सोयाबीन, मधून तुरीची तासे. धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी ओला हात सदऱ्याला पुसतो, मोबाईल काढतो, आपल्या वावराचे चित्र घेतो आणि कोणते पीक किती क्षेत्रात उभे आहे ते भरतो. हीच ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती साऱ्या राज्यात सुरू झाली. जागेचे अक्षांश-रेखांश यंत्र स्वतःच टिपून घेते. वावरात रेंज नसेल तर नोंद मोबाईलमध्येच थांबते आणि गावाजवळ आल्यावर पुढे जाते. या पाच मिनिटांच्या कामामागे पंधराशे वर्षांची कथा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

भातकुली म्हणजेच प्राचीन भोजकट अशी आपल्याकडील मान्यता आहे. रुक्मिणीला परत आणल्यावाचून कौंडिण्यपुरात पाऊल टाकणार नाही, अशी रुक्मीने प्रतिज्ञा केली; ती फसल्यावर तो येथेच राहिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कथा बाजूला ठेवली तरी भोजकट हे नाव लेखी पुराव्यात आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट अचलपूरजवळ चम्मक येथे सापडला. तो इसवी सनाच्या पाचव्या शतकातला. भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव, राजमानाने आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांस दिले, असे त्यात कोरले आहे. राजाच्या शिपायांनी त्या गावात शिरू नये हेही लिहिले आहे, आणि दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये अशी अटही घातली आहे.

इंग्रजीत ‘टॅब्लेट’ म्हणजे लिहिण्याचा किंवा कोरण्याचा फलक. त्या अर्थाने हे तांब्याचे पत्रे वऱ्हाडातले जुने टॅब्लेटच होत. हातात मावतील एवढे, उचलून नेता येतील असे. पण ते कोणाच्या हातात होते? ज्याला जमीन मिळाली त्याच्या. जो ती जमीन कसत होता त्याच्या हातात पत्रा नव्हता, आणि असता तरी संस्कृतातला तो मजकूर त्याला वाचता आला नसता. त्याच्या गावाचा सौदा त्याला ऐकूनच कळला असणार.

पटाबरोबर आपल्याकडे दुसरीही एक वस्तू होती, ती म्हणजे पाटी. पाटीवर धूळ पसरून पोरे बोटाने अक्षरे गिरवीत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यातूनच आला. पुढे दगडी पाटी आली, लेखणी आली, आणि पाटी पुसायला सदऱ्याची बाही आली. पाटी शिकण्यासाठी आणि पट टिकण्यासाठी, अशी ही वाटणी शतकानुशतके चालली. पाटीवर चुकले तर पुसता येई. पटावरचे पुसता येत नसे. सामान्य माणसाच्या वाट्याला पाटी आली आणि पट सत्तेपाशी राहिला.

इंग्रजी अमदानीत पटाचे रूप पालटले. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविले आणि पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी येथे सुरू झाली. शेताला नंबर पडला, हद्दीला दगड लागला. तांब्याच्या जागी कागद आला आणि तो पटवाऱ्याच्या बस्त्यात गेला. बस्ता म्हणजे लाल कापडात बांधलेले दप्तर. पटवारी वावरात येई, पीक पाही, वहीत लिही. निदान तसे अपेक्षित असे. पुष्कळदा चावडीत बसूनच गेल्या वर्षाचे पीक यंदाच्या रकान्यात उतरत असे, ही तक्रार आपल्या वाडवडिलांच्या तोंडून कोणी ऐकली नाही? १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. कायद्याच्या भाषेत तलाठी आला, तरी वऱ्हाडाच्या तोंडी पटवारीच राहिला. सातबाऱ्यातला सात नंबर हक्क सांगतो आणि बारा नंबर पीक. दोन्ही शेतकऱ्याचेच, पण उतारा हवा तर हेलपाटे त्यानेच घालायचे.

आता यंत्राकडे वळू. १९७२ साली अ‍ॅलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. वहीएवढा, मुलाला काखेत मारून नेता येईल असा संगणक त्यात कल्पिला होता. कल्पना तेव्हा कागदावरच राहिली. १९८१ मध्ये ऑस्बॉर्न नावाचा ‘उचलता येणारा’ संगणक बाजारात आला. त्याचे वजन अकरा किलो होते. आपल्याकडच्या भाषेत तो उचलता येणारा नव्हे, वाहून नेण्याचा! २००६ मध्ये अगदी छोटे, पडद्यावर लिहिता येणारे संगणक निघाले. ते महाग होते आणि त्यांची बॅटरी लवकर संपे. २०१० मध्ये आयपॅड आला आणि टॅब्लेट हा शब्द घरात शिरला.

आपला देश यात केवळ गिऱ्हाईक नव्हता. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी ‘सिम्प्युटर’ बनविला. ज्याला यंत्र विकत घेता येत नाही त्याने आपले छोटे कार्ड घालून गावचे एकच यंत्र वापरावे, ही त्यामागची कल्पना होती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीच्या शाळेत मुलांसाठी बनविलेले दीड किलोचे संगणक आले. त्यांचा पडदा भर उन्हातही वाचता येत असे. २०११ मध्ये केंद्र सरकारने स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेट जाहीर केला. त्याचा पडदा दाबून चालणारा होता, कारण वरचा थर खालच्या थराला टेकला तरच खूण उमटे. आजचा पडदा दाबावा लागत नाही. बोटाच्या सूक्ष्म विद्युत्‌गुणाने त्याला स्पर्श कळतो. म्हणूनच पडद्यावर पावसाचे थेंब पडले की तो गोंधळतो. हे आपले शेतकरी कोणत्याही पुस्तकाशिवाय शिकले आहेत.

त्याच वर्षी सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातगणनेत कर्मचारी कागदाऐवजी टॅब्लेट घेऊन दारोदार गेले. एक माणूस प्रश्न विचारी, दुसरा उत्तर यंत्रात भरी. घर आपले, उत्तर आपले, यंत्र त्यांचे. पुढे दहा वर्षांत चित्र बदलले. अंगणवाडी सेविकेच्या हाती मोबाईल आला. २०२१ नंतर नागपूरच्या महाज्योती संस्थेने प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय व भटक्या विमुक्त जमातींच्या मुलामुलींना टॅब्लेट दिले. एस.टी.च्या वाहकाची तिकिटाची पेटी आणि तिचा टकटक आवाज गेला. तेथेही यंत्र आले.

हे सारे कौतुकाचे आहे. पण कौतुकापाशी थांबणे इतिहासकाराला शोभत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये, ज्या महिन्यात ई-पीक पाहणी सुरू झाली त्याच महिन्यात, महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी मिळालेले मोबाईल शासनाला परत केले. यंत्र तोकडे पडे, तापे. आणि पोषणाची नोंद ज्यात करायची तो कार्यक्रम इंग्रजीत होता. ज्या बाईला गावातल्या प्रत्येक मुलाचे वजन तोंडपाठ, तिला ते लिहिता येईना. येथे आम्हांस चम्मकचा ताम्रपट आठवतो.

दुसरा प्रसंग आपल्या कापसाचा. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना शासनाने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, साहाय्य जाहीर केले. आरंभी ई-पीक पाहणीतील नोंद आवश्यक होती. वावरात कापूस उभा राहिला होता, शेजाऱ्याने पाहिला होता, अडत्याने घेतलाही होता; पण पडद्यावर नव्हता. पुढे ती अट शिथिल करावी लागली. पूर्वी पटवाऱ्याने नोंद केली नाही तर दोष पटवाऱ्याचा असे. आता नोंद आपण करायची, म्हणून चुकीचा दोषही आपल्याच माथी येऊ पाहतो. लेखणी हातात आली, ही हक्काची गोष्ट झाली; तिच्याबरोबर जबाबदारी आली, हे पुष्कळांना अनुदानाच्या दिवशीच कळले.

आमच्या मते या यंत्राचे खरे ऐतिहासिक महत्त्व यात आहे. पाटी आणि पट हे दोन्ही प्रथमच एका काचेत एकत्र आले. मुलगी त्यावर गणित सोडवते तेव्हा ती पाटी असते, तिचा बाप पीक नोंदवतो तेव्हा तो पट होतो. फरक एवढाच की पाटी आपल्या हातात राहते आणि त्यावर लिहिलेला पट दूर कोठेतरी जाऊन बसतो. म्हाताऱ्या बापाच्या वतीने नोंद मुलगा करतो, मुलगा नसेल तर शेजारी करतो. विधवेच्या नावावरचे वावर दुसऱ्याच्या बोटाने नोंदले जाते. ते बोट बहुधा प्रामाणिक असते. परंतु व्यवस्था प्रामाणिकपणाच्या भरवशावर उभारता येत नाही.

मग करावे काय? यंत्र टाकून द्यावे, असे आम्ही म्हणत नाही. आपण तीन गोष्टी मागाव्यात. जे भरायचे ते आपल्या भाषेत, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात असावे. भरले की त्याची पोच, कागदाची का होईना, हातात यावी. आणि चुकले तर दुरुस्त करण्याची वाट गावातच, नाव घेऊन विचारता येईल अशा माणसापाशी असावी.

याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे एक स्मरण देऊन थांबतो. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, माणसे गाठून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. पोथी गेली तरी तिच्यात काय होते हे माणसांना ठाऊक होते, म्हणून ती परत आली. आपल्या वावराचा पट कोठेही ठेवलेला असो, त्यात काय लिहिले आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. आज घरी गेल्यावर आपल्या मोबाईलवर आपला सातबारा उघडा आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. भोजकटाच्या कुणब्याला जे कोणी वाचून दाखवले नाही, ते आपल्याला आज करता येते.