वारशाच्या घराची किंमत

वडिलांच्या पश्चात मुलाच्या नावे झालेले भाड्याचे घर मुलाला कितीला पडले, असा प्रश्न घरात कोणी विचारीत नाही. घर विकावयाची वेळ आली म्हणजे मात्र आयकराचा अधिकारी नेमके तेच विचारतो. घर फुकट मिळाले असे मानावे, तर विक्रीची सारी रक्कम नफा ठरते. बाजारभावाने मिळाले असे मानावे, तर नफा नाहीसाच होतो.

अमेरिकेने १९२१ च्या कायद्याने दुसरा पक्ष स्वीकारला. मृत्यूच्या दिवशीची किंमत हीच वारसाची मूळ किंमत. इमारतीच्या भागावर घसाराही त्याच किमतीपासून नव्याने सुरू होतो. राहत्या घरांसाठी त्याची मुदत १९८६ पासून साडेसत्तावीस वर्षांची आहे. ही सवलत काढून घेण्याचा १९७६ चा कायदा त्यांना १९८० साली मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे भांडवली नफ्यावरील कर १९४७ साली लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकातून आला आणि दोनच वर्षांच्या नफ्याला लागू होऊन थांबला. १९५६ साली निकोलस कॅल्डॉर यांच्या अहवालानंतर तो परतला. १९६१ च्या आयकर कायद्याने वारसापुरते असे ठरविले, की मागील मालकाने दिलेली किंमत हीच वारसाची किंमत. २०२५ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम राहिले. येथे एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५३ पासून १९८५ पर्यंत आपल्याकडे मृत्युकरही होता, आणि तो मृत्युसमयीच्या बाजारभावावर आकारला जाई. म्हणजे एकाच घराला एका करासाठी आजचा भाव आणि दुसऱ्या करासाठी आजोबांचे खरेदीखत! माझ्या मते तेवढ्यापुरता अमेरिकेचा हिशेब अधिक प्रामाणिक होता.

आजोबांचे खरेदीखत सापडणेही दुर्घटच. म्हणून जुन्या मिळकतींसाठी एक आधारदिन ठरविण्यात आला: प्रथम १९५४ चा, मग अनुक्रमे १९६४, १९७४, १९८१ आणि २०१७ च्या दुरुस्तीने २००१ चा. त्या दिवशीचा रास्त बाजारभाव मूळ किंमत म्हणून घेता येतो. परंतु मुंबईतील जुन्या चाळीचा भाव काढावा कसा? १९४७ च्या भाडेकायद्याने तिचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले होते. भाड्यावरून किंमत काढली की ती अगदीच अल्प येते, आणि वाडवडिलांच्या चाळीचा मालक कागदोपत्री गरीब, तर विक्रीच्या दिवशी मोठा नफेखोर ठरतो.

घसाऱ्याची आशा धरून येणारा वारसही निराश होतो. घर व्यवसायासाठी वापरीत नसून नुसते भाड्याने दिले असेल, तर ते उत्पन्न 'घरमिळकती'च्या सदरात जाते आणि तेथे घसारा नाही. १९२२ च्या कायद्याने मालकाला दुरुस्तीसाठी एक-षष्ठांश वजावट दिली होती. २००१ च्या दुरुस्तीने दुरुस्ती, वसुली आदी सर्व खर्चापोटी सरसकट ३० टक्के मिळू लागले. छप्पर बदलले काय आणि गळत ठेवले काय, वजावट तेवढीच!

१९९२ च्या वित्त कायद्याने महागाईचा निर्देशांक आणला. तो वडिलांच्या खरेदीच्या वर्षापासून मोजावा की मुलाला घर मिळाले त्या वर्षापासून, हा वाद बरीच वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली, बक्षीस मिळालेल्या मालमत्तेच्या एका प्रकरणात, मागील मालकाच्या वर्षापासून असा निर्णय दिला. फरक लहान नव्हता. २००१ साली ५ लाख रुपये भाव असलेले घर २०२४-२५ मध्ये विकले, तर निर्देशांक १०० वरून ३६३ झाल्यामुळे त्याची मूळ किंमत १८ लाख १५ हजार धरली जाते.

पुढे २३ जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकाने हा निर्देशांकच काढून कराचा दर २० वरून १२.५ टक्क्यांवर आणला. जुन्या घरांचे वारस अस्वस्थ झाले, संसदेत ओरड झाली, आणि ऑगस्टमध्येच सरकारने त्या दिवसापूर्वी घेतलेल्या जमीन व इमारतींसाठी, येथील रहिवासी व्यक्ती आणि एकत्र कुटुंबे यांना, दोहोंपैकी कमी कर पडेल तो हिशेब निवडण्याची मुभा दिली. वडिलांची खरेदी त्यापूर्वीची असली की मुलाचे घरही जुनेच गणले जाते. फडताळातले ते जीर्ण खरेदीखत येथे पुन्हा कामास येते.