शिकागो कोणीं वसविलें?

शिकागोचें नांव काढलें कीं आपणांस १८९३ सालची सर्वधर्मपरिषद व स्वामी विवेकानंद आठवतात. शाळेंत भूगोल शिकवितांना मी या शहराचा धान्यबाजार, आगगाड्या व कत्तलखाने मुलांकडून घोकून घेत असें. पण तें वसविलें कोणीं, हें एकाही मुलानें विचारलें नाहीं. विचारलें असतें तर मास्तरांची फजिती झाली असती.

तेथें कायमचें बिऱ्हाड थाटणारा पहिला परका मनुष्य कृष्णवर्णी होता. झां बातिस्त प्वां द्यु साबल हें त्याचें नांव. 'पहिला' हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. पोटावाटोमी आदि जमातींचे लोक तेथें आधींपासून होतेच, आणि 'शिकागो' हें नांवहि आदिवासींच्या भाषेंतलें. अर्थ, रानलसणीची जागा. जागा दलदलीची, पण मोठी मोक्याची. मिशिगन सरोवराजवळची शिकागो नदी आणि मिसिसिपीच्या खोऱ्यांत उतरणारें पाणी यांच्यामध्यें केवळ एक बसका उंचवटा आहे. होड्या खांद्यावर घेऊन तेवढा ओलांडला कीं उत्तरेच्या सरोवरांतून थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत जलमार्ग मोकळा! द्यु साबलनें घर बांधलें तें या नदीच्या मुखाशीं.

त्याआधीं १७७९ सालीं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालूं असतां, इंग्रजांनीं त्याला संशयावरून पकडलें होतें. पण पुढें त्यांच्याच एका अधिकाऱ्यानें आपल्या जमिनीची व्यवस्था त्याच्यावर सोंपविली. त्याची पत्नी किटिहावा ही पोटावाटोमी. १७८८ त काहोकिया गांवीं त्यांचा विवाह ख्रिस्ती विधीनें लागला. १७९० त शिकागोवरून जाणाऱ्या एका प्रवाशानें त्याच्याकडून पाव, पीठ व डुकराचें मांस घेतल्याची नोंद आहे. त्या अरण्यांत भाजलेला पाव मिळणें ही लहान गोष्ट नव्हे.

१८०० सालीं त्यानें सारी मालमत्ता ६,००० लिव्रांना विकली. तें खरेदीखत डेट्रॉइटच्या दप्तरांत धूळ खात पडलें होतें. १९१३ त उजेडांत आलें. ४० फूट लांब व २२ फूट रुंद घर, दोन कोठारें, घोड्यानें फिरणारी चक्की, पावाची भट्टी, दुग्धालय, कोंबड्यांचें खुराडें, मांस धुरावण्याची खोली! हें कांहीं भटक्या कातडेविक्याचें खोपट नव्हे. हा नांदता वाडा होता.

मग नांव कां बुडालें? १८०४ त जॉन किंझी नांवाचा गोरा व्यापारी त्याच घरांत राहावयास आला. १८५६ त त्याच्या सुनेचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि किंझी हाच शिकागोचा जनक ठरला. सुनेनें सासऱ्याचें गुणगान करावें हें रीतीला धरूनच झालें. तिला मी दोष देणार नाहीं. दोष त्या लेखकांचा, ज्यांनीं घरांत दिसला तोच धनी मानला. कृष्णवर्णी स्त्रियांनीं नेट धरला म्हणून १९३३ च्या शिकागो प्रदर्शनांत द्यु साबलच्या घराची प्रतिकृति उभी राहिली. सरोवराकांठच्या प्रसिद्ध हमरस्त्याला त्याचें नांव जोडलें गेलें तें २०२१ सालीं.

तो स्वतः शिकागो सोडून मिसूरी नदीकांठीं सेंट चार्ल्स येथें गेला आणि २८ ऑगस्ट १८१८ रोजीं वारला. तेथील चर्चच्या दफननोंदींत त्याचे आईबाप नाहींत, मूळ गांव नाहीं, नातलग नाहींत. आहे तें नांव, आणि 'काळा' हा शब्द.