मंडईची रात्र आणि आपण बाया

धान कापून झालं, की गावात भोंगा लावलेली गाडी फिरते आणि रात्रीच्या नाटकाचं नाव पुकारते. ठीक दहा वाजता, असं सांगते. दहा म्हणजे अकरा, हे पोरंसोरंही जाणतात. तरी आपण नवापासून चटई घेऊन जागा धरतो! आज या वेडाचा थोडा इतिहास सांगतो. आणि त्या इतिहासात आपण बाया कुठं बसलो होतो, तेही.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा वैनगंगेच्या काठाचा, धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. जिल्ह्यांच्या रेघा तशा नवीनच आहेत. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून निघाला, गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. नाटकाला या रेघा कधी कळल्या नाहीत. सिंदेवाहीचं नाटक कुरखेड्यात लागतं, वडशाचं साकोलीकडं.

हे नाटक शहरातून आयतं आलं नाही. त्याच्या आधी इथं दंडार होती, खडी गंमत होती, गोंधळ होता, डहाका होता. डफ आणि तुणतुण्यावर शाहीर उभा राही आणि लुगडं नेसून नाचणारा असे तो पोऱ्या, म्हणजे गावातलाच एखादा मुलगा. संगीत नाटकाचं वारं आलं तेव्हा झाडीनं त्यातली पदं घेतली, पडदे घेतले, ऑर्गन घेतला. पण रात्रभर जागायची सवय आपली जुनीच ठेवली. म्हणून पुण्या-मुंबईचं नाटक तीन तासांत आटोपतं आणि आपलं कोंबडा आरवेपर्यंत चालतं. शहरातले लोक याला लांबण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. दहा कोस बंडी हाकून आलेल्या माणसाला अर्ध्या रात्री घरी कोण पाठवील?

स्टेजवर बाई मात्र नव्हती. याचा दोष एकट्या झाडीला देता येत नाही. बालगंधर्वांनी १९११ साली ‘संगीत मानापमान’मध्ये भामिनी केली, तेव्हा त्यांचं नेसणं पाहून शहरातल्या बाया लुगडी नेसायला शिकल्या म्हणतात. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे पुरुषानं दाखवायचं आणि बाईनं ते पाहून शिकायचं! आपल्याकडंही बरीच वर्षं सीता आणि तारामती मिशा काढलेल्याच होत्या. पुढं नागपूरसारख्या शहरांतून नटी येऊ लागल्या, मग इथल्या मुलीही उभ्या राहिल्या.

आता देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे या नाटकांचं मोठं ठाणं आहे. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेचं स्टेशन तिथं, धानाचा बाजारही तिथंच. दिवाळी झाली की नाटक मंडळ्या तिथं कचेऱ्या मांडतात, गावोगावची मंडळं जाऊन तारखा ठरवतात, आणि मग होळीपर्यंत नटांना झोप नाही. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे या रात्रींमधूनच मोठे झाले. हसवणारा नट, पाच हजारांवर प्रयोग आणि ८०० वेगवेगळ्या भूमिका. २०२३ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं.

गावात नाटक लागतं ते मंडईला, नाही तर शंकरपटाला. पटावर २०१४ साली बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली. मधल्या वर्षांत बैल धावले नाहीत, पण मंडईच्या रात्री पडदा वर जातच राहिला. आम्हाला याचं कारण बायांमध्ये दिसतं. पट पुरुषांचा. मंडई मात्र भाऊबीजेनंतरची. लेकी माहेरी आलेल्या, घर पाहुण्यांनी भरलेलं, सोयरिकीच्या गोष्टी निघालेल्या. रोवणा, निंदण, कापणी करून चिखलानं हातपाय खाल्लेली बाई त्या एका रात्री लुगड्याची घडी मोडते आणि चुलीकडं पाठ करून बसते. तिकिटाच्या पैशात तिची मजुरी असते. वहीत मात्र मंडळाच्या अध्यक्षाचं नाव.

आणि गाणी! ऑर्गनवाल्यानं सूर धरला, तबला लागला, की पेंगणारी म्हातारीही सरसावून बसते. आता की-बोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, मधेच सिनेमाचं गाणं घुसतं. ते आम्हाला फारसं रुचत नाही, पण पोरी टाळ्या वाजवतात हे खरं. जुन्या नाटकांतली पदं कितीतरी बायांच्या तोंडी आहेत. नाटकाचं नाव विसरलं, नट विसरला, पद राहिलं. धान पाखडताना ते ओठावर येतं. गटाच्या बैठकीच्या शेवटी अशी एकेक चाल म्हणून घ्या, शाळेतल्या पोरीकडून वहीत उतरवून ठेवा. पदाबरोबर गाव आणि साधारण साल लिहा. छापलेली नाटकं कुठं तरी सापडतील; ती चाल दुसरीकडं सापडायची नाही.

एक गोष्ट बोलायला जड जाते. स्टेजवरच्या नटीला रडताना पाहून आपण पदर डोळ्याला लावतो, आणि सकाळी नळावर तिच्याबद्दल काय बोलतो? आपल्या पोरीला नाटकात घ्यायला कोणी आलं तर दार लावतो. ती बाई जंगलाच्या रस्त्यानं गाडीत बसून येते, कापडाच्या आडोशाला लुगडं बदलते, अंधारात बाहेर जायला जागा शोधते, आणि पहाटे दुसऱ्या गावाला निघते. तिचं लेकरू कधी कधी पेटाऱ्याजवळ झोपलेलं असतं.

दिवाळीआधी मंडळाची बैठक बसेल. तारीख, मंडळी, तिकीट यावर पुरुष बोलतील. आपल्या गटातल्या दोघीतिघींनी जाऊन एवढंच विचारायचं : येणाऱ्या बाया कोणाच्या घरी उतरणार? न्हाणीघर, संडास, दाराला कडी असलेली एक खोली. खोली शाळेची चालेल, गटाची चालेल. ताटाचं आपण पाहू.