मार्जारकुळातलं पोलादी मांजर

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर आम्ही दुपारच्या सफारीची वाट बघत होतो. शेजारी एक गाडीवेडे पर्यटक फोनवर मित्राला सांगत होते, "अरे, माझी कॅट गेली. मेकॅनिक म्हणतो, बदलावीच लागेल." जिप्सीच्या बॉनेटला टेकून उभा असलेला आमचा ड्रायव्हर हे ऐकून कळवळला. हळूच मला म्हणाला, "मांजर मेली काय जी साहेबाची? आमच्या घरी तीन पिल्लं आहेत. एक घेऊन जा म्हणा, पैसे नाही लागत."

हसू आवरून मी त्याला सांगितलं, ही कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या अलीकडचा फुगीर डबा. इंजिनातून येणारा विषारी धूर तो साफ करतो. ड्रायव्हर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मंग मांजरच झाली न जी. मांजर बी दिवसभर आंग चाटून साफच तर करत रायते."

तो विनोद करत नव्हता. पण घरी येऊन कोश उघडले तेव्हा माझ्या लक्षात आलं की, जगभरचे गाडीवेडे इतकी वर्षं ज्या कोटीवर हसत आलेत, तिच्यातली खरी गंमत इंग्रजीत नाहीच. ती मराठीत आहे.

इंग्रजीतली कोटी नुसत्या आवाजाची आहे. 'तुझी कॅट चोरीला गेली का?', 'कॅट काढून टाकली, आता गाडी कशी गुरगुरते बघ', असले संवाद आणि सोबत गाडीखाली बसलेल्या पाळीव मांजराचा फोटो, एवढाच तिचा जीव. तिथल्या मांजराचा शब्द लॅटिनमधल्या 'कॅटस'कडे जातो, आणि त्याच्याही मागे आफ्रिकेतल्या एखाद्या भाषेकडे बोट दाखवणारे अभ्यासक आहेत. कन्व्हर्टरचा 'कॅट' मात्र ग्रीक 'काता' या उपसर्गातला. 'काता' म्हणजे खाली, 'ल्युसिस' म्हणजे सोडवणं, मोकळं करणं. हे दोन जोडून स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने 1835 साली 'कॅटॅलिसिस' ही संज्ञा पुढे आणली. दोन 'कॅट' एका आळीत राहतात, पण त्यांची सोयरीक नाही.

मराठीत मात्र सोयरीक आहे. मांजर हा शब्द संस्कृत 'मार्जार'वरून आला, आणि मार्जार हा 'मृज्' धातूवरून. मृज् म्हणजे पुसणं, घासणं, स्वच्छ करणं. पूजेतलं मार्जन, चुकीचं परिमार्जन, अंगण झाडायची संमार्जनी म्हणजे केरसुणी, ही सगळी या एका धातूची लेकरं. मार्जार म्हणजे सतत अंग पुसत बसणारा प्राणी. म्हणजे मांजर या शब्दाचा मूळ अर्थच 'सफाईवाला'. पोलादी कवचातल्या त्या डब्याला इंग्रज अपघाताने कॅट म्हणतो. आपण त्याला मांजर म्हटलं, तर तो डबा जे काम करतो त्याचंच नाव घेतो.

या व्युत्पत्तीवर आक्षेप आहेत, आणि ते मी टाळणार नाही. पहिला आक्षेप असा की, मृज् पासून मार्जार होताना शेवटचा 'आर' सरळ रीतीने येत नाही. शब्द कदाचित दुसऱ्याच कुठल्या भाषेतून आला असेल आणि पंडितांनी तो मागाहून मृज् च्या दावणीला बांधला असेल. शक्य आहे. पण संस्कृतातली मांजराची इतर नावं बघा. आखुभुक् म्हणजे उंदीर खाणारा. वृषदंशक म्हणजे उंदराला चावणारा. ओतु आणि बिडाल यांचा उलगडा तितका सोपा नाही, पण ज्यांचा होतो ती नावं प्राण्याच्या उद्योगावरून पडलेली आहेत. मांजराचे उद्योग मोजून दोन, उंदीर धरणं आणि अंग चाटणं. पहिल्या उद्योगावरून दोन नावं मिळाली, तर दुसऱ्यावरून एक का मिळू नये?

दुसरा आक्षेप माझ्या एका शिक्षकमित्राचा. तो म्हणतो, मांजर हे 'मंजुळ'वरून आलं असणार, त्याचं म्याऊ ऐक ना! कल्पना गोड आहे, पण टिकत नाही. पालीत हा शब्द 'मज्जार' आहे, तिथे अनुस्वाराचा पत्ता नाही. प्राकृतात मज्जारच्या शेजारी 'मंजार' दिसतो आणि त्याचंच मराठीत मांजर झालं. जोडाक्षर मोडताना नाकात आवाज शिरण्याची प्राकृताला खोडच होती. वक्रचं वंक झालं ते असंच, आणि आपला 'वाकडा' त्याच घराण्यातला. मंजुळपणा मागून चिकटला. मुळात आहे ते घासणं-पुसणं.

आता मला जो खरा मोह झाला, तो सांगतो. ताडोब्यात बसून मांजराचा विचार करायचा आणि तिच्या भाच्याला विसरायचं, हे बरं नाही. वाघ म्हणजे संस्कृत 'व्याघ्र', आणि परंपरेने त्याची फोड वि-आ-घ्रा अशी केली जाते. घ्रा म्हणजे वास घेणं. व्याघ्र म्हणजे हुंगणारा. झाडाच्या खोडावर दुसऱ्या वाघाने सोडलेली खूण नाक लावून, ओठ वर ओढून तपासणारा वाघ ज्याने पाहिलाय, त्याला ही फोड पटते. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ तिच्याबद्दल साशंक आहेत. मी मात्र ती सोडणार नाही, कारण गाडीच्या त्या नळीत मांजराच्या पुढ्यात हुंगणारा एक वाघही बसवलेला आहे.

त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात, गाडीवेडे लॅम्ब्डा म्हणतात. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण 14.7 भाग वजनाने मिळाले, तर इंधन नेमकं जळतं. सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन हुंगतो आणि शून्य ते एक व्होल्टच्या आतल्या इशाऱ्याने संगणकाला कळवतो. त्यावर इंधन कमी-जास्त होतं. हे हुंगणं चुकलं की मांजराचं चाटणंही बिघडतं, कारण त्याला एकाच वेळी तीन कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायॉक्साइड करायचा, न जळलेलं इंधन जाळायचं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून ऑक्सिजन काढून घ्यायचा. आधी व्याघ्राने हुंगायचं, मग मार्जाराने पुसायचं. मावशी-भाच्याची इतकी चोख कामवाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शासकीय मराठीत या वस्तूला उत्प्रेरकी परिवर्तक म्हणतात. उच्चारताना जीभ अडखळते, आणि अर्थही जरा चुकतो. उत्प्रेरक म्हणजे चेतवणारा, ढकलणारा. ग्रीक शब्दात ढकलणं नाही, गाठ सोडवणं आहे. जपानी लोकांनी 'शोकुबाई' असा शब्द केला, म्हणजे स्पर्शाने जुळवून देणारा मध्यस्थ. हे नाव मला सर्वात नेमकं वाटतं. लग्न जमवणारा दोन घरं एकत्र आणतो आणि स्वतः होता तसाच पुढच्या स्थळाकडे जातो. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे डब्यातले तीन मध्यस्थ तसेच, काम करून न झिजणारे.

बाकी इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने 1950च्या दशकात मोटारींसाठी असा डबा केला, पण पेट्रोलमधल्या शिशाने धातूंवर पुट चढून तो निकामी व्हायचा. 1970च्या कायद्यानंतर अमेरिकेत 1975च्या मॉडेलांपासून तो सर्रास आला. भारतात 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला, आणि 2000 साली शिसंयुक्त पेट्रोल देशातून गेलं.

त्यानंतर मांजर चोरांच्या नजरेत भरलं. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र आणि गुजरातेत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर कापून नेण्याच्या घटना गाजल्या. गंमत अशी की, इथे कुणी कॅट म्हणत नाही आणि परिवर्तकही म्हणत नाही. पोलिसांच्या आणि चोरांच्या तोंडी एकच शब्द, 'सायलेन्सर'. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते, तिच्यावर त्या तीन धातूंचा पातळ लेप. जाळी फोडून जो चुरा निघतो, त्याला म्हणायचं 'माती'. लाखमोलाच्या धातूंना माती म्हणणारा हा धंदा अजून तरी मराठी कोशकारांच्या हाती लागलेला नाही.

मुद्दाम डबा काढून गाडी डरकाळ्या फोडत फिरवणाऱ्यांसाठीही मराठीत शब्द तयार आहे. मांजर काढलं की गाडीचा बोका होतो, आणि बोका मोकळा सुटला की बोकाळतो. बोका आणि बोकाळणं यांचं नातं बोकडाशी जोडणारेही आहेत. कन्नडमध्ये मांजराला 'बेक्कु' म्हणतात, म्हणून माझा कल तिकडे. 'बे'चा 'बो' कसा झाला हे मला नीट दाखवता येत नाही, तरी ओठांनी म्हणायच्या 'ब'ने पुढच्या स्वराला गोल केलं असावं, असा माझा अंदाज.

चंद्रपूरकर विचारेल, आमच्या हवेला या मांजराचा काय उपयोग? प्रश्न रास्त आहे. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर अगदी वरच्या ओळीत होतं. 2,920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आणि कोळसा खाणींची धूळ गाडीखालचा डबा चाटून साफ करू शकत नाही. मांजराने आपलंच अंग चाटावं, गावाचं नाही.

जंगलात मात्र त्याचा त्रास होऊ शकतो. साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसला हे मांजर जागं होतं, आणि धावत्या गाडीत त्याहून बरंच तापतं. मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात सागाची पानं घोटाभर साचतात. मोहफुलं वेचायला जमीन साफ करावी म्हणून लावलेल्या आगींनीच वन विभाग हैराण असतो, त्यात गाडी पाचोळ्यावर उभी राहिली तर निराळी काडी लागत नाही.

सफारी संपली तेव्हा अंधारत होतं. ते पर्यटक आपली गाडी काढून रस्त्याच्या कडेला, सागाच्या पानांवर लावू लागले. त्यांना फोटो काढायचा होता. आमचा ड्रायव्हर जिप्सीतून उतरून धावत गेला.

"तिथं नका लावू जी," तो म्हणाला. "खाली मांजर तापली असन."