पाच फासे आणि नळाचा बेहडा

फासे म्हटले की आपल्याला आधी आठवते ती द्यूतसभा. त्याच्याही आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, फाशांपायी बायकोला दुरावलेला जुगारी रडतो आहे. त्यामुळेच असेल, आमच्या घरी सापशिडीच्या एका फाशापलीकडे मजल कधी गेली नाही. पाच फासे एकदम हाती आले ते इथे एम.एस. करताना, रूममेट्सनी ‘याट्झी’ शिकवली तेव्हा.

हा खेळ 1956 साली एडविन लोव यांनी अमेरिकेत बाजारात आणला. बिंगो घरोघरी पोचवणारे हेच ते गृहस्थ. कॅनडातल्या एका जोडप्याने आपल्या यॉटवरच्या पाहुण्यांसाठी तो रचला, अशी कथा सांगतात. पण ‘यॉट’ नावाचा बराचसा असाच खेळ त्याआधीही होता. लोव यांची कंपनी 1973 मध्ये मिल्टन ब्रॅडलीने घेतली आणि 1984 मध्ये मिल्टन ब्रॅडलीला हॅस्ब्रोने.

खेळ सोपा आहे. एका खेळीत फासे तीनदा टाकता येतात. दर वेळी हवे ते ठेवायचे, बाकीचे पुन्हा टाकायचे. मग 13 पैकी एका रकान्यात गुण लिहायचे. एकदा भरलेला रकाना पुन्हा मिळत नाही. वरचे सहा रकाने एक ते सहा या अंकांचे; त्यांची बेरीज 63 झाली की 35 गुण बक्षीस. खाली तीन सारखे, चार सारखे आणि ‘चान्स’ यांना पाचही फाशांची बेरीज मिळते. तीन सारखे अधिक एक जोडी म्हणजे ‘फुल हाउस’, त्याचे 25. चार अंकांच्या सिक्वेन्सचे 30, पाचांच्या सिक्वेन्सचे 40. पाचही सारखे म्हणजे याट्झी, 50!

पाच फासे 7776 प्रकारे पडू शकतात. त्यांत याट्झी फक्त सहा, फुल हाउस 300. समजा पहिल्याच फेकीत 2, 3, 4, 5 आणि पुन्हा 4 आले. चौक्यांच्या मागे लागायचे? हिशेब सांगतो, 30 गुण हातात आहेतच. एकच चौका उचला. उरलेल्या दोन फेकींत 1 किंवा 6 येऊन 40 होण्याची शक्यता नऊपैकी पाच आहे. प्रत्येक वेळी असा सर्वोत्तम निर्णय घेतला तर सरासरी सुमारे 254 गुण होतात, हे संगणकाने काढून दाखवले आहे.

युरोपात हे गणित 1654 साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून आकाराला आले. पण आपल्या वनपर्वातला नळ आठवा. राज्य फाशांत हरलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. राजा वाटेत बेहड्याच्या झाडाकडे पाहून फांद्यांवरची पाने-फळे किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, आकडा जुळतो! अश्वविद्येच्या बदल्यात राजा त्याला ‘अक्षहृदय’ देतो आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. झाडही कोणते, तर ज्याची फळे त्या काळी फासे म्हणून वापरत, तेच.

व्यासांनी मोजणे आणि फासे एकाच झाडाखाली आणले, हे मला फार मोठे वाटते. प्रोजेक्ट कधी बंद पडेल याचा नेम नसलेल्या आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात तर ते रोज पटते. दान आपल्या हाती नसते; पडलेल्या दानातले काय ठेवायचे, ते असते.

तेव्हा मुलांना घेऊन बसा, पैसे मात्र लावू नका. कागद, पेन्सिल आणि पाच फासे पुरेत!