पदवीचे ऋण कोणाच्या खात्यावर? अहिल्यानगर जिल्हा आणि जीवशास्त्राच्या पदवीचा हिशेब

१/ बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या घरी आज एक प्रश्न हमखास निघतो : कर्ज काढून ही पदवी घेतली, तर पगारातून ते फिटेल का? प्रश्न नवा वाटतो, पण शिक्षणाचे ऋण जुनेच आहे. बदलला तो धनको, आणि बदलली ती फेडीची रीत. अहिल्यानगर, म्हणजे २०२४पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात हा बदल फार स्पष्ट दिसतो.

२/ सुरुवात जिल्ह्याबाहेरच्या एका करारापासून. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. अट होती, परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. शिष्यवृत्ती म्हटली तरी ते एक प्रकारचे ऋणच. फक्त ते पैशांऐवजी सेवेने फेडायचे होते. ही सेवा बडोद्यातील जातिभेदामुळे कशी अर्ध्यावर सुटली, हे सर्वश्रुत आहे.

३/ १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही. मुले श्रम करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे पुढे योजनेचे नाव झाले, तेव्हा ती जगण्याची रीत होती. इथेही ऋण होतेच, पण त्याला हप्ता नव्हता. बॅ. पी. जी. पाटलांसारखे विद्यार्थी उच्च शिक्षण घेऊन संस्थेच्याच कामात परतले, हीच त्याची फेड.

४/ नगर शहरात १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. खेड्यातील मुलांना पदवीसाठी पुणे-मुंबई गाठण्याची सक्ती तिथून सैल होऊ लागली. शिक्षणाच्या खर्चात शुल्कापेक्षा खोलीभाडे आणि खाणावळ यांचा वाटा मोठा असतो, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात फारशी लिहिली जात नाही. घराजवळचे महाविद्यालय ही त्या काळची सर्वांत मोठी शिष्यवृत्ती होती.

५/ मग उसाचा पैसा आला. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेचा पट्टा बागाईत केला. १९५०-५१च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी साखर कारखाना लोणीजवळ चालू झाला. उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम कापून ती शिक्षणाकडे वळवण्याची रीत सहकारात रुळली. श्रीरामपूर आणि कोपरगाव येथे रयतची महाविद्यालये उभी राहिली. थोडक्यात, विद्यार्थ्याचा खर्च सभासद शेतकरी आपल्या बिलातून थोडा-थोडा उचलत होता.

६/ शासनही मागे नव्हते. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फी माफ केली. हीच ती ‘ईबीसी’ सवलत. अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या कित्येकांना कर्जाचा विचारही करावा लागला नाही.

७/ आता दुसरा पलडा : मिळकत. मार्च १९७५ मध्ये दहावीच्या नव्या आकृतिबंधाची पहिली परीक्षा झाली आणि गावोगाव कनिष्ठ महाविद्यालये निघाली. जीवशास्त्र शिकवायला माणसे हवी होती. १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ राहुरीत आले होते. शाळा, प्रयोगशाळा, साखर कारखान्यांच्या आसवन्या असे पर्याय हाताशी होते. त्या पिढीची पदवी स्वस्त होती आणि अनुदानित नोकरी पक्की. आजोबांचा सल्ला आज चुकतो तो इथेच. सल्ला प्रामाणिक असतो, फक्त ते दोन्ही आधार आता राहिलेले नसतात.

८/ १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी केली. १९८४ साली लोणीतच ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. बारावीच्या जीवशास्त्राचे अंतिम मुक्काम ‘डॉक्टर’ असे घराघरांत ठरत गेले आणि साधी बी.एस्सी. ही प्रवेश हुकलेल्यांची पदवी मानली जाऊ लागली. हा अन्याय आहे. पण रोजगाराच्या बाजारानेही तो मान्य केला.

९/ २००१ साली भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. तिच्यात चार लाखांपर्यंत तारण नव्हते. मूळ नियमानुसार फेड अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा सुरू होत असे. २००९ साली केंद्राने साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी या काळातील व्याज भरण्याचे ठरवले, परंतु ते तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरते. साधी बी.एस्सी. वगळली गेली.

१०/ एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. तीन वर्षे दरवर्षी एक लाख कर्ज, व्याज १० टक्के सरळ. फेड सुरू होईपर्यंत व्याज ९०,००० रुपये; देणे ३ लाख ९० हजार. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ६,४७५ रुपये. पहिला पगार १८,००० धरला, तर एक तृतीयांशाहून जास्त हप्त्यात जातो. तेच शिक्षण घरून, एसटीच्या पासवर, अनुदानित वर्गात झाले, तर कर्ज बहुधा लागतच नाही. म्हणजे विषयाइतकाच निर्णायक ठरतो तो महाविद्यालयाचा प्रकार आणि अंतर.

११/ जीवशास्त्राची खरी अडचण मुदतीची आहे. या पदवीची मिळकत उशिरा पिकते : शाळेत शिकवायचे तर बी.एड., महाविद्यालयात शिकवायचे तर एम.एस्सी. आणि सेट-नेट. हप्ता मात्र इतका काळ थांबत नाही. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली यावर तोडगा काढला : उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच फेड, तीही उत्पन्नाच्या प्रमाणात. आपल्याकडील हप्त्याला पगाराचा आकडा ठाऊक नसतो.

१२/ नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही नकोत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतही आहे. मात्र संस्था यादीत असावी लागते आणि ती यादी राष्ट्रीय क्रमवारीवरून ठरते. त्यामुळे अकोले, पाथर्डी किंवा जामखेडच्या विद्यार्थ्याला कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी आपले महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे आधी तपासावे लागते.